खालच्या फळीवरचा मेंदू

आरमोरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक मी, पण प्रयोगशाळेवर राज्य परिचराचं. त्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणतात. खांद्यावरच्या दुपट्ट्याने ते मेंदूंच्या बरण्या रोज पुसतात, शार्कची दोनदा.

मी खालच्या फळीवर शार्क, त्यावर बेडूक, मग ससा आणि सर्वांत वर माणसाच्या मेंदूचं प्लॅस्टरचं मॉडेल ठेवलं होतं. मुलांना सांगायचो, मेंदू असा पायरीपायरीने वर चढला. एकदा ते ऐकून भाऊंनी विचारलं,

"सर, शार्कलेबी पुढचा, मधला, मागचा मेंदू हायेच ना जी. मंग त्याले खाली काऊन?"

"तो जुना आहे."

"जुना? तो तं आजबी पोहून राह्यला."

कॉलेजच्या तपासणीला समिती आली, त्या दिवशी पाहतो तर सगळे मेंदू एकाच फळीवर! समितीतल्या बाई खूश झाल्या. "बरोबर! आजचा शार्क आपला पूर्वज नाही, दूरचा भाऊबंद आहे. ही मांडणी कुणाची?"

"माझीच," मी म्हणालो. चहाचा ट्रे घेऊन भाऊ दारातच उभे होते.

दुसऱ्या दिवशी माणसाचा मेंदू एकटाच खालच्या फळीवर होता.

"भाऊ, हा खाली का?"

"एवढ्या साऱ्यात खोटं बोलणं यालेच जमते जी," म्हणत ते शार्कची बरणी पुसू लागले.