ओढ्यातला खडक आणि एक सेंटीमीटर

आमच्या वस्तीवरून केजच्या डांबरी रस्त्याला लागायचं तर मध्ये एक ओढा आहे, आणि ओढ्याच्या मधोमध कासवाच्या पाठीसारखा खडक. त्या खडकाबद्दल मी जितकं लिहिलं तितकं दुसऱ्या कशाबद्दलही लिहिलेलं नाही. मला वाचायला शिकवलं ते पत्रकांनी. वडील मेंढरं राखायचे आणि मोर्चांना जायचे. येताना खिशात पत्रकं आणायचे आणि माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘बदक’च्या आधी वाचता आले. मोठी झाल्यावर मी स्वतः लिहू लागले. ओढ्यावर पूल झालाच पाहिजे. आठवडी बाजारात वाटलं, तहसीलीत दिलं. पूल झाला नाही.

यंदा वहिनीला आठवा महिना लागला आणि दादाने ठरवलं, पूल होत नाही तर गाडीच उंच करायची.

दवाखान्याची गाडी ओढ्याच्या पलीकडे थांबते, पुढे येत नाही. म्हणजे वहिनीला न्यायला आमची जुनी छोटी गाडीच. पण गेल्या तपासणीला जाताना ती त्या खडकावर आपटली, इंजिनाखालचं चेंबर फुटलं आणि सगळं तेल ओढ्यात गेलं. वहिनी पोट धरून डांबरीपर्यंत चालत गेली. चेंबर दुरुस्त झालं, पण तेव्हापासून गाडीचं नाव काढलं की ती उठून आत जायची.

“सोळा इंचाची चाकं टाकू,” दादा म्हणाला. “पुढाऱ्यांच्या गाड्या बघ, खडकावरून कशा जात्यात. आत चहा बी सांडत न्हाई.”

“म्हणूनच त्यांना खडक दिसत नाही.”

“झालं पत्रक सुरू! चल पुढारीणबाई, लई वाचता येतंय ना, टायरवरचं वाच.”

केजच्या दुकानदाराने लगेच चकचकीत सोळा इंची अलॉयची चाकं पुढे मांडली, त्यांवर पातळ टायर चढवलेले. मी वाचलं: १९५/५५ आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची कड उंच, आणि शेवटचा रिमचे, म्हणजे आतल्या धातूच्या चाकाचे, इंच. आमच्या जुन्या टायरवर होतं १६५/८० आर १४. मोबाईलवर हिशेब केला. जुनं चाक जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत बासष्ट सेंटीमीटर. नवंही बासष्टच.

“रिम दोन इंचांनी वाढली आणि टायर तेवढाच पातळ झाला. मग गाडी उचलली कुठं?” मी विचारलं.

“उचलायची न्हाईच ताई. बाहेरचं माप तेच ठेवायचं असतंय. पण लूक येतो ना!”

“लूक काय खडकाला दाखवायचाय?” दादा म्हणाला. “ह्याच रिमला जाड टायर बसवा.”

दुकानदाराने ६५ची कड असलेले टायर बसवले. गाडी दोन सेंटीमीटर वर आली. दादा खुशीत होता. पण दुकानदार म्हणाला, चाक वर घासतंय का ते रिकाम्या गाडीवर कळत नाही, माणसं बसवून बघू. पंक्चरसाठी थांबलेल्या दोघांना त्याने हाक मारली.

“कुठं जायचंय?” त्यातला एक जण.

“कुठं न्हाई बे, नुसतं बस.”

“मग चहा सांगा.”

दोघं आणि दुकानदार मागे बसले. चाक आणि मडगार्ड यांच्या फटीत घालायला काही तरी हवं होतं. माझ्या पिशवीत पत्रकं होतीच. मी एक घडी करून फटीत धरलं, दादाने स्टेअरिंग पूर्ण वळवलं. कागद दबला, टरकन फाटला. ‘पूल’ माझ्या हातात राहिला, ‘झालाच पाहिजे’ आत अडकलं.

शेवटी पंधरा इंची रिमला १८५/७०चे टायर लावले. दुसरं पत्रक फटीतून अख्खं निघालं.

“चाक मोठं झालंय, मीटर थोडा कमी दाखवील,” दुकानदार म्हणाला.

“आमच्या रस्त्याला काटा वीसच्या वर जातोय कुठं,” दादा म्हणाला. सोळाच्या अलॉयकडे मात्र तो निघेपर्यंत बघत होता.

चाक चौसष्ट सेंटीमीटरचं झालं, पण चाकाची वाढ अर्धी वर जाते आणि अर्धी खाली. गाडी उचलली ती एक सेंटीमीटर. परतताना मला दादाशी भांडायचंही त्राण नव्हतं. इतकी वर्षं लिहून मिळालं ते एवढंच, आणि तेही आमचं आम्हीच विकत आणलेलं.

ओढ्यापलीकडे वहिनी आई-वडिलांबरोबर येऊन उभी होती. वडील पाणी ओलांडून आले आणि माझ्याबरोबर मागे बसले, दादाने गाडी घातली. खालून कर्रकन आवाज आला. काठावर वहिनीलाही ऐकू गेला.

“मी न्हाई बसायची,” ती म्हणाली.

आई म्हणाली, “तुमी खाली उतरा, वजन कमी हुईल. ती एकटीच बसंल.”

“आदी माझ्या जागी पोतं ठेवा,” वहिनी म्हणाली. “मग बघू.”

घरून ज्वारीचं पोतं आणून मागच्या सीटवर ठेवलं. वहिनी खडकाजवळ वाकून, कान देऊन उभी राहिली. गाडी गेली, आवाज आला नाही. तिने पुन्हा न्यायला लावली. पुन्हा नाही. तेव्हा कुठे ती मान हलवून घरी गेली.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी आई, वडील आणि मी काठावर उतरलो, चपला हातात घेऊन पाण्यातून गाडीमागे चालत निघालो. गाडी खडकावर चढली आणि मी कान दिला. पलीकडे पोचल्यावर वहिनीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा घामाने भिजला होता.

“वन्सं, लागलं न्हाई!”

दुपारी केजला मुलगी झाली.

ती घरी आली तेव्हा बघायला वस्तीवरची माणसं जमली. बाळ पाहून झाल्यावर दोघं-तिघं बाहेर जाऊन चाकांपाशी वाकले. “नंबर काय हाय गं टायरचा? आमच्या गाडीला बी टाकतो.” पुलाचं कुणी विचारलं नाही. एकाने लिहायला कागद मागितला. माझ्याकडे दुसरा कागद नव्हता. मी पत्रक उलटं करून दिलं आणि सांगितलं, १८५, ७०, १५. आणि हेही सांगितलं, की बाकीच्यांना ओढ्यात उतरून चालावं लागतं.