चावी कोणाच्या खुंटीला

“बाई, चिठ्ठ्या कशाला? अख्खं गाव बसलंय की समोर. मी इचारतो, गाव व्हय म्हणतं. झालं!”

दादाराव पाटील हे म्हणाले, तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून मतपेटीच्या कडीला दोरा बांधत होते. खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष पलीकडच्या अंगणात होतं. तिथं शिजवलेली हळद वाळत घातली होती. उन्हाची झळ आली की तो उबदार, मातकट वास आत यायचा आणि डोळे जड व्हायचे. मला लहानपणापासून दिवसाढवळ्या स्वप्नं बघायची खोड आहे. शाळेत त्यासाठी छड्या खाल्ल्या, नोकरीत बोलणी खाल्ली. नायब तहसीलदार झाले तरी खोड काही गेली नाही.

“पाटील, गुप्त मतदान आहे. चिठ्ठीवरच होणार,” मी म्हणाले.

“आमच्या गावात असं न्हाई व्हत.”

“आज होणार.”

गाव हिंगोली जिल्ह्यातलं, गोरेगावच्या जीपनं जावं लागतं असं. नाव सांगत नाही, त्या लोकांना उगाच तकलीफ नको. भांडण होतं पाण्याच्या चावीचं. गावच्या टाकीचे व्हॉल्व्ह उघडायला हातभर लांबीची लोखंडी चावी असते. ती चावी वर्षानुवर्षं पाटलांच्या ओसरीवर खुंटीला टांगलेली. तसं कोणी कधी ठरवलं नव्हतं, पण पडलाच होता तो पायंडा. पाटील म्हणतील त्या गल्लीला पाणी, म्हणतील तितका वेळ. टोकाच्या वस्तीवरच्या बायांनी सकाळी त्यांच्या दारात उभं राहायचं आणि “सोडता का पाणी?” म्हणून विचारायचं.

मग रेखा सरपंच झाली. शिवणकाम करणारी, तिशीतली, बोलायला मऊ पण हट्टी. तिनं सरपंचाच्या अधिकारात चावी पंचायतीच्या खोलीत आणून टांगली आणि गल्लीवार पाळ्या लावल्या. पाटलांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पंच म्हणजे पंचायतीचे सदस्य, ते बहुतेक पाटलांच्याच ताटाखालचे. कायद्यानं पहिली दोन वर्षं सरपंचाला हात लावता येत नाही; ती सरताच त्यांनी रेखावर अविश्वास ठराव आणला. म्हणजे, आमचा हिच्यावर भरवसा राहिला नाही, हिला काढा. तो पासही झाला.

इथं थोडं कायद्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रेखाला सदस्यांनी निवडलेलं नव्हतं, गावानं थेट मत देऊन निवडलं होतं. त्यामुळं नुसत्या सदस्यांच्या म्हणण्यानं ती जात नाही. प्रकरण ग्रामसभेपुढं येतं. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार. जिनं खुर्ची दिली तीच काढून घेणार, तेही गुप्तपणे.

राज्यघटनेचं सगळं हे असंच आहे. केंद्राचा वाफा वेगळा, राज्याचा वेगळा, पंचायतीचा वेगळा. मध्ये बांध घातलेले. आणि बांध कोरायची सवय आपल्या लोकांना शेतातही आहे आणि सत्तेतही. माझा वाफा तर एवढासा. सभा भरवायची, चिठ्ठ्या वाटायच्या, मोजायच्या. ठरावाच्या बाजूनं किंवा विरुद्ध मी एक अक्षर बोलायचं नाही.

मी दोरा बांधत होते तेवढ्यात फोन वाजला. माझे वरिष्ठ.

“मॅडम, सुरू झालं का?”

“होतंय, सर.”

“वरून विचारणा आहे. हात वर करून घ्या आणि मोकळ्या व्हा. कशाला लांबड लावता?”

“सर, एवढं लेखी पाठवता का? हात वर करून घ्या म्हणून?”

पलीकडं सरांनी घसा खाकरला.

“लेखी काय मागता मॅडम तुम्ही!”

“मग कायद्यात आहे तसंच घेते, सर.”

“घ्या बुवा,” म्हणाले आणि ठेवला फोन. खोटं कशाला सांगू? बदलीची भीती कोणाला नसते!

मी सभा सुरू केली. ठराव वाचून दाखवला आणि पाणी प्यायला खाली वाकले. तेवढ्यात पाटील उठून उभे राहिले, पटका सारखा केला आणि त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, “रेखाबाईला काढायचं! गावाला मंजूर हाय का?”

“मंजूर!” अख्खं मैदान गरजलं. झाडावरचे कावळे उडाले. वस्तीवरच्या बायासुद्धा “मंजूर” म्हणाल्या, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पाटलांनी विचारायचं आणि गावानं मंजूर म्हणायचं ही तिथली रीत. जत्रेची तारीख असो, नाहीतर शाळेचं छप्पर.

“बगा बाई. लिहून घ्या,” पाटील खुशीत खाली बसले.

रेखाचा चेहरा उतरला. ती टेबलाजवळ आली. “मॅडम, आता काय राह्यलं? माझी खुर्ची गेली तर जाऊ द्या. पण चावी परत त्या ओसरीवर जाईल. वस्तीवरची लेकरं पुन्हा हंडे घेऊन दारात उभी राहतील.”

मला फार वाईट वाटलं. तिला धीर द्यावा असं मनात आलं, पण माझ्या वाफ्यात धीर देणं बसत नव्हतं. “जागेवर बसा. आवाज झाला, मत अजून व्हायचंय,” एवढंच म्हणाले.

मतदान सुरू झालं. वर्गातलं लोखंडी कपाट आडवं लावून आडोसा केला होता. ठराव पटला तर चिठ्ठीवर बरोबरची खूण, नाही पटला तर फुली. एकेक जण आत जायचा, कपाटाआड क्षणभर नाहीसा व्हायचा आणि बाहेर यायचा. ती दुपार मला अजून अर्धवट स्वप्नासारखी आठवते. अंगणातली पिवळी धूळ उन्हात तरंगत होती, हळद उलथायच्या फावड्याचा खर्र खर्र आवाज येत होता, आणि माणसं कपाटाआडून बाहेर येताना काही वेगळीच दिसत होती. आत जाताना जो तो कोणाचा तरी पुतण्या, कोणाची तरी सून, कोणाचा तरी सालदार. त्या कपाटाआड मात्र ज्याचा तो एकटा. एक म्हातारी तर इतका वेळ आत राहिली की मी हाक मारली, “आजी, झालं का?” आतून उत्तर आलं, “थांब माय, पहिल्यांदाच कोणी एकलं सोडलंय!”

पाटलांच्या मंडळी पार्वताकाकू, उंच, पांढऱ्या केसांच्या, डोक्यावर पदर घट्ट. त्याही गेल्या आणि सावकाश बाहेर आल्या.

मोजणी सगळ्यांसमोर केली. आमचे कारकून चिठ्ठी उलगडायचे, वर धरून दाखवायचे आणि त्या त्या ढिगात ठेवायचे. बरोबर. फुली. फुली. फुली. बरोबर. पाटील आधी पाय हलवत बसले होते, मग पाय थांबला. फुल्यांचा ढीग दुप्पट झाला तेव्हा त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

मी उभी राहून निकाल वाचला. “ठराव नामंजूर. सरपंच कायम.”

टाळ्या नाहीत की आरडाओरडा नाही. सगळे एकमेकांकडं बघत होते, जणू हे करून कोण गेलं तेच कळेना! रेखा मात्र तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली.

“अवो, सगळ्यांनी व्हय म्हणलं की! तुमी ऐकलं न्हाई का?” पाटील टेबलापाशी आले.

“ऐकलं.”

“मंग काहून असं झालं? माझ्या गल्लीतून फुल्या, माझ्या घरातून बी असतील! दावा त्या चिठ्ठ्या. घरच्यांच्या हाताची फुली मी बराबर वळखतो.”

“पाटील, तो अधिकार मला नाही.”

“तुमच्या सायबाला असंल.”

“त्यांनाही नाही.”

“कलेक्टरला? मंत्र्याला?”

“चिठ्ठी कोणाची हे शोधायचा अधिकार कोणालाच नाही.”

त्यांना ते खरंच समजेना. त्यांच्या उभ्या आयुष्यात कुठलीही चावी कुणाच्या ना कुणाच्या खुंटीला असतेच.

तेवढ्यात पार्वताकाकू आल्या. मांडीवरून खाली पडलेला पटका त्यांनी उचलला, झटकला आणि पाटलांच्या हातात दिला. “चला घरी,” म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “दमलात बाई तुमी. मी बी जाऊन पडते जरा. चावी घरी व्हती तव्हा दिवसभर दारात कोणी ना कोणी. राम राम ह्यांना, अन् शिव्याशाप मला. चावी गेली तव्हापासून मला दुपारची झोप लागून राहिली.”

पाटील बायकोच्या तोंडाकडं बघतच राहिले. मग काही न विचारता पटका डोक्याला गुंडाळत तिच्या मागं चालू लागले.

सत्ता कोणाला किती, हे राज्यघटना सांगते असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. कुठं कोणाचीच चालत नाही, हेही तीच सांगते; ते मला त्या कपाटानं शिकवलं. मी चिठ्ठ्या पाकिटात घातल्या, लाख लावली, सही केली आणि जीप येईपर्यंत व्हरांड्यातच डोळे मिटून घेतले.