ज्यूसच्या कंपनीतला भाऊ

सोलापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली लाल वाईनची एक बाटली होती. आणायची होती ज्यूसची खोकी. पुढच्या आठवड्यात नातवाचं जावळ, भावकी जेवणार, तुझ्या कंपनीचा ज्यूस आधी पोचव, असं आक्कानं फोनवर सांगितलं होतं. माझी कंपनी ज्यूस करत नाही. नोकरी लागल्यापासून मी नाशिकजवळ वाईन करतो. आमचे वडील, अण्णा, दारूनं गेले, थोरल्या बहिणीनं, आक्कानं, मला वाढवलं. तिला खरं सांगायची छाती झाली नाही. दर दिवाळीला बाजारातला ज्यूस विकत घेऊन ‘कंपनीचा’ म्हणून नेत आलो.

शुक्रवार पेठेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली, बरेच दिवस टिकणारी) घेतली. चटणी जरा कमी तिखट मिळेल का, असं विचारलं. दुकानातल्या बाई म्हणाल्या, “कमी तिखट खायचं तर पुण्याला जावा की.”

आक्काच्या गावाला, मंद्रूपला, जाणाऱ्या एसटीत खिडकी मिळाली. दोन्हीकडे हुरड्यावर आलेली ज्वारी, बांधाच्या कडेनं मेंढ्या. एकेक फाटा मागे पडत गेला, तसं आक्काला खरं सांगण्यासाठी मनात घोकलेलं वाक्य लहान होत गेलं.

आक्का मटण खात नाही. म्हणून ते अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, आणि शिजवणार दाजी. दिवेलागणीला ते रस्सा ढवळत होते, आक्का दुसऱ्या चुलीवर भाकरी थापत होती.

“आक्का, मी ज्यूस करत नाही. दारू करतो. द्राक्षाची.”

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती कुत्र्यासाठी बाजूला ठेवली.

“मग दिवाळीचा ज्यूस?”

“विकतचा.”

“तरीच लई गोड लागायचा,” दाजी म्हणाले. आक्का हसली नाही.

“तू पितोस?”

“चाखतो. चाखून थुंकायचं असतं. कधी कधी गिळतोही.”

मी बॅगेतली बाटली काढून चुलीपाशी ठेवली. मग दाजींनी बाटलीबद्दल विचारलं आणि आक्काकडे पाहिलं.

“मटणाच्या वाट्यांत घ्या,” ती म्हणाली. “माज्या भांड्यांना लावू नका.”

वाटीत वाईन शाईसारखी गडद दिसत होती. काळ्या तिखटाच्या (भाजून केलेला मसाला) रश्श्यावर घोट घेतला आणि तोंडात जाळ झाला. तुरटपणानं तिखट आणखी चढलं. “जांभळाचा काढा हाय की ह्यो,” दाजी म्हणाले. मग मी कडक भाकरीवर शेंगाचटणी घेतली. शेंगांच्या तेलानं जीभ मऊ झाली आणि त्याच वाईनमधून पिकलेलं फळ वर आलं. मोठ्या हॉटेलांत परदेशी चीजबरोबर मी ती कितीदा चाखवली आहे. इतकी कधी जुळली नव्हती.

आक्कानं माझी रिकामी वाटी उचलून नाकाशी धरली.

“अण्णांच्या तोंडाला असला वास न्हवता,” ती म्हणाली, आणि वाटी स्वतः राखेनं घासली. ठेवली मात्र मटणाच्याच भांड्यांत.

सकाळी ती एसटीपर्यंत आली. शेजारच्या काकूंनी विचारलं, ज्यूसवाले पावणे निघाले का, जावळाला ज्यूस किती येणार.

“ज्यूस न्हाय, मठ्ठा करणार हाय,” आक्का म्हणाली. “ह्यो दारू करतोय नाशकात. द्राक्षाची.”

काकू हसल्या, मग तिचा चेहरा पाहून थांबल्या. एसटी आली. मी चढताना ती म्हणाली, “जावळाला ये. हात हलवत ये.”

इतक्या वर्षांत बहिणीच्या दारात मी मोकळ्या हातानं कधी गेलो नव्हतो. आता जाणार आहे.