दंडाचा दोरा

तालमीतले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. लाल माती जशी अंगाला लागून घरी येते, तसे ते येतात, आणि कितीही आंघोळ केली तरी कानामागे थोडे राहतातच. आता ही गोष्ट पन्नासच्या दशकातली, तरी माझ्या कानामागे अजून आहे. मी काही मोठा पैलवान नव्हतो, राव. थेरगावच्या आमच्या तालमीत माती खणायची, तिच्यात तेल-ताक घालायचं आणि सराव हवा असेल त्याच्याकडून चीत व्हायचं, हे माझं काम. पण पाठ टेकून पडलेल्या माणसाला वरचं सगळं नीट दिसतं.

आमचे धोंडीबा वस्ताद नागपंचमीला प्रत्येकाला दोन काळे दोरे बांधायचे. एक कमरेला, एक दंडाला. मग दर सोमवारी तपासणी. दोऱ्याखाली आपलं बोट घालून बघायचे. कमरेच्या दोऱ्यात बोट गेलं तर पाठीवर थाप, दंडाच्या दोऱ्यात गेलं तर कपाळाला आठी. तालमीत वजनाचा काटा नव्हता की आरसा नव्हता. पोट किती उतरलं आणि ताकद किती राहिली, याचा सगळा हिशेब या दोन दोऱ्यांवर चालायचा.

स्वतःचा दंडाचा दोरा ते स्वतःच बांधायचे, एका हाताने आणि दातांनी. साठीला आले होते, तरी दंड पुढे करून म्हणायचे, "ह्यात अजून कुणाचं बोट गेल्यालं न्हाई." आम्ही सगळ्यांनी प्रयत्न करून पाहिला होता. खरंच जायचं नाही.

*

आमच्यातला खरा गडी म्हणजे सखाराम. जत्रेत जोड नजरेनंच ठरायची, त्यामुळे आपलं वजन किती हे त्याला कधी कळायची गरजच पडली नव्हती. पण पुण्यात वजनी गटाच्या कुस्त्या सुरू झाल्या होत्या, आणि पिंपरीच्या एका नव्या कारखान्यातला साहेब कुस्तीचा शौकीन होता. तो सखारामला म्हणाला, "दिवाळीनंतर पुण्याला निवडीच्या कुस्त्या आहेत, त्यात चांगला लढलास तर कामावर घेतो."

सखाराम चार भावांत धाकटा. जमीन नावाला, लग्न ठरत नव्हतं. ही नोकरी म्हणजे त्याचं सगळं आयुष्य होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. पिंपरीला इस्माईलभाईचं धान्याचं दुकान होतं. त्याच्या मोठ्या काट्याच्या पारड्यात सखाराम मांडी घालून बसला. इस्माईलभाईने समोर वजनं चढवली, परत चढवली आणि म्हणाला, "भाऊ, गटात बसायचं तर बारा रत्तल इथंच ठेवून जावं लागेल."

*

सखारामने जेवणच सोडलं. सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी पाणी. भर उन्हात घोंगडी पांघरून आकुर्डीपर्यंत पळत जायचा आणि यायचा. जोर-बैठका बंद, कारण अंगात त्राणच उरायचं नाही. दहा दिवसांत आठ रत्तल, म्हणजे आजचे साडेतीन किलो, उतरलं. इस्माईलभाईच्या दुकानातून तो अगदी खुशीत आला आणि मला म्हणाला, "चल, धर."

मी धरलं. आणि मी त्याला पाडलं!

मी आयुष्यात कुणाला पाडलं नव्हतं. माझं मलाच वाईट वाटलं, अन् मी त्याला उठवायला हात दिला. वस्ताद उठून आले. त्यांनी कमरेच्या दोऱ्यात बोट घातलं, सहज गेलं. दंडाच्या दोऱ्यात घातलं, तेही सहज गेलं.

"सख्या," ते म्हणाले, "चरबी कमी करायला सांगितली व्हती. तू तर सखाराम कमी करून आलास."

*

त्या दिवशी वस्तादांनी रीत घालून दिली. तूप बंद, थंडाई बंद, गूळ बंद. दूध चालू, भिजवलेले हरभरे आणि मूग चालू, भाकरी दीड. जोर-बैठका एकही कमी नाही. दुपारी झोप. आणि आठवड्याला एक रत्तल, जास्त उतरलं तर माझ्याशी गाठ आहे म्हणाले.

सखारामला हे फार धिमं वाटलं. दिवाळी जवळ येत होती. त्याने गुपचूप पुन्हा उपास धरले. मात्र या वेळी सोमवारच्या आधी दंडाचा दोरा सोडला आणि घट्ट करून बांधला.

वस्तादांनी बोट घालून पाहिलं. गेलं नाही. सखाराम माझ्याकडे बघून हसला. वस्ताद मात्र दोऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. तेलामातीने दोरा पार विटला होता, पण जुन्या गाठीखालचा बोटभर तुकडा अजून नव्यासारखा काळाभोर होता. अंगठा तिथे थांबला.

"गाठ सरकली हाय," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "मला फसवलंस, फसव. मी म्हातारा माणूस. आता मातीला फसवून दाव."

सखाराम खाली बघत राहिला. मला वाटतं, त्याला मार चालला असता.

*

पुढची अडचण त्याची आई. लेक वाळतोय हे तिला बघवेना. वस्तादांना कळलं की कमरेचा दोरा तीन सोमवार हललेला नाही, म्हणून ते न सांगता जेवायच्या वेळी सखारामच्या घरी गेले. आईने दोन ताटं वाढली. वस्तादांनी ताटांची अदलाबदल केली आणि भाकरी उचलली. खाली लिंबाएवढा तुपाचा गोळा!

"वैनी," वस्ताद म्हणाले, "ह्ये तूप त्याच्या दंडात जात न्हाई, पोटात बसतं. माया करायची तर दूध द्या."

"दूध देतेच की."

"मग आजून एक पेला द्या. आन् तूप मला वाढा, मी काय पुण्याला लढाया जात न्हाई."

बाई रडता रडता हसली. वस्तादांनी तूप सगळं खाल्लं.

*

निवडीच्या दिवशी सखाराम काट्यावर बरोबर बसला. दोन कुस्त्या मारल्या, तिसरी हरला. पण हरताना तो असा लढला की साहेब म्हणाला, सोमवारपासून ये. सखाराम धावत तालमीत सांगायला आला. वस्तादांनी नोकरीचं विचारलंच नाही. त्याच्या दंडाच्या दोऱ्यात बोट घालून पाहिलं, आणि ते जाईना तेव्हा तोंड फिरवून डोळे पुसले.

*

तीन-चार वर्षांनी वस्तादांनी अंथरूण धरलं. जेवण जाईना. एवढा मोठा देह, पण बघता बघता झिजला. त्या वर्षीच्या नागपंचमीला त्यांनी आपला दोरा नेहमीसारखा दातांनी बांधला होता. श्रावण सरून भाद्रपद लागला तोवर तो घसरून कोपराशी आला. ते दिवसातून चारदा तो वर सरकवायचे आणि कुणी बघितलं का ते पाहायचे. आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो.

सखाराम शिफ्ट सुटली की त्यांचे पाय चोळायला यायचा. एका दुपारी वस्तादांना झोप लागली होती. सखारामने हलकेच तो दोरा सोडला, वर नेला, घट्ट करून बांधला. हाताने नाही, वाकून दातांनी गाठ मारली. मी दाराशी बसलो होतो.

वस्ताद जागे झाले. सवयीने त्यांचा हात दंडाकडे गेला. बोट घालून पाहिलं. गेलं नाही. मग अंगठा दोऱ्यावरून फिरू लागला, सावकाश, आणि एका जागी थांबला.

त्यांनी सखारामकडे बराच वेळ पाहिलं.

"सख्या," ते म्हणाले, "बघ रं. जातंय का बोट?"

सखारामने बोट लावलं.

"न्हाई जात, वस्ताद."