जी ओळ बाबा म्हणत नव्हते

"आपल्यात असं चालत नाही" असं कोणी म्हटलं, की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. या वयात असं चिडू नये हे कळतं हो, पण काय करणार, बाबांची मुलगी आहे. म्हणजे आधी जे बाबा होते, त्यांची.

बेलापूरच्या बाजूला, पाटाच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या एका गावात आम्ही राहायचो. मिशनची शाळा, तिला लागून आमचं देऊळ, म्हणजे चर्च, आणि देवळामागे कबरस्तान. जन्मापासून मरेपर्यंतचं सगळं त्या एका कुंपणात. बाबा शाळेत शास्त्र शिकवायचे. डबक्यातलं पाणी भिंगाखाली धरून पोरांना म्हणायचे, "मी सांगतो म्हणून मानू नका. दिसलं तर माना." एखादा म्हणाला, "गुर्जी, मला काय बी दिसत न्हाई," तर बाबा त्याच्यावरच सगळ्यात खूश. म्हणायचे, शाबास, हा एकटा खरं बोलला.

रविवारी देवळात गाणं सांगायचं कामही त्यांचंच होतं. मिशनच्या मडमसाहेब पेटीवर पट्टी द्यायच्या, ती बाबांना कधीच पसंत पडली नाही. "देवानं प्रत्येकाला वेगळा गळा दिला, मग पट्टी एकच कशी?" असं म्हणून ते आपल्या पट्टीत खणखणीत सुरुवात करायचे. मग बिचारी पेटी धापा टाकत त्यांच्यामागे, आणि सगळी मंडळीही त्यांच्यामागे. लोक आपल्यामागे येतात याचा त्यांना कधी पत्ताच नसायचा.

बेचाळीस साली नगरच्या किल्ल्यात पुढारी डांबले होते तेव्हाही हेच. मिशनच्या गोऱ्या साहेबाचं म्हणणं, मास्तरांनी देवळात इंग्लंडच्या बादशहासाठी प्रार्थना सांगावी. गावातली पोरं म्हणाली, मास्तरांनी पांढरी टोपी घालावी. बाबांनी दोघांनाही वाटेला लावलं. "स्वराज्य मला हवंय. पण डोकं माझं आहे, त्याच्यावर काय घालायचं ते मी बघेन." झालं, मिशनवाल्यांना ते चळवळवाले वाटायला लागले आणि गावाला साहेबाचे. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "तुमचं म्हणजे ना धड इकडे, ना धड तिकडे."

"मी माझ्या घरी आहे की," बाबा म्हणायचे आणि हसायचे. तेव्हा आमच्या घरात हसू होतं.

मग माझा धाकटा भाऊ गेला. पावसाळ्यात गावात पटकी आली. आमच्या घरात पाणी उकळून, गाळून प्यायचं, तरी आलीच. देवळाचे पाळकसाहेब उशाशी प्रार्थना करत होते, बाबा चमच्याचमच्याने मीठसाखरेचं पाणी पाजत होते. दोघांचंही काही चाललं नाही. देवळामागे, भिंतीकडेच्या कडुनिंबाखाली त्याला ठेवला. आई पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "उठेल ना तो? शेवटच्या दिवशी उठेल ना?" सगळे हो म्हणाले. बाबा हाताने माती सारखी करत राहिले.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. आमच्यात उपासनेत सगळे उभे राहून आपला विश्वास बोलून दाखवतात. त्याची सुरुवात 'मी'ने होते. त्यात एक ओळ आहे, मेलेल्यांची शरीरं पुन्हा उठतील असा माझा भरवसा आहे, अशा अर्थाची. बाबा तिथपर्यंत आले आणि थांबले. आणि त्यांच्या आवाजामागे चालायची सवय लागलेलं अख्खं देऊळ थांबलं! लोकांना वाटलं संपलं. पुढच्या रांगेतली म्हातारी तर 'आमेन' म्हणून खालीसुद्धा बसली.

एकदा झालं, लोकांनी सोडून दिलं. पण पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग देवळाच्या मंडळीचे पंच घरी आले. त्यातले थोरले पाटावर शेती करणारे, मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "मास्तर, तुमी थांबलात की आमची बी जीभ थांबती. लई वंगाळ दिसतं."

"मी कुणाला थांबा म्हटलं? मी माझ्यापुरता थांबलो."

"पन समदे म्हनत्यात ना."

"सगळे 'मी' म्हणतात. 'आम्ही' असतं तर मीही म्हटलं असतं, तुमच्या बरोबरीनं. 'मी' म्हणून खोटं कसं बोलू? पोराला मी माझ्या हातानं मातीत ठेवलाय. तो उठेल की नाही, मला माहीत नाही. माहीत नाही एवढंच माझं म्हणणं आहे."

बाबांचं नाव मंडळीतून काढलं. शास्त्र शिकवायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून शाळा तेवढी राहिली. आणि पंचांनी आणखी ठरवलं, की ज्या घराचा कर्ता मंडळीत नाही, त्या घराला कबरस्तानात जागा नाही.

बाबा म्हणाले, नसू दे. पण आई तेव्हा खोकत होती. तो खोकला कसला ते बाबांना आमच्या आधी कळलं असणार. आई दिवसेंदिवस वाळत गेली. तिला औषध नको होतं, मिरजेच्या दवाखान्यात जायचं नव्हतं. तिला फक्त कडुनिंबाखाली, पोराशेजारी जागा हवी होती. "तो उठेल तेव्हा मी शेजारी नसले तर घाबरेल हो," एवढंच म्हणायची. बाबा उठून अंगणात जायचे. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठीही रडू यायचं.

पंचांनी वाट काढली होती. मास्तरांनी उपासनेत उभं राहावं आणि ती ओळ एकट्याने, मोठ्याने म्हणावी. बस्स.

बाबा उभे राहिले. आईला शेजारणीने आणि मी धरून नेलं होतं. बाबांनी ती ओळ म्हटली, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. एक शब्द गाळला नाही. लोकांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी त्यांना मिठी मारली. थोरले पंच पुन्हा पुन्हा म्हणत होते, "लई चांगलं केलं, मास्तर, लई चांगलं."

घरी आल्यावर आईने विचारलं, "मनापासून म्हणालात?"

"तुझ्यासाठी म्हणालो."

"ते मी नाही विचारलं," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला हवं ते मिळालं होतं, पण ती खूश नव्हती. बाबांनी तिच्या अंगावर पांघरूण घातलं. थंडी सरता सरता ती गेली, आणि तिला पोराशेजारी जागा मिळाली.

बाबांना गाणं सांगायला परत बोलावलं. ते आता पेटीच्या पट्टीत गायचे. वर्गात पुस्तकातलं वाचून दाखवायचे. भिंग कपाटात गेलं. मंडळी म्हणायची, मास्तर निवळले.

स्वातंत्र्य आलं तेव्हा शाळेच्या पटांगणात झेंडा लावला. साहेब होता, गावातली टोपीवाली मंडळीही होती. कोणीतरी म्हणालं, मास्तर, तुम्ही दोन शब्द बोला, आजच्या दिवशी तुम्हाला काय वाटतं ते सांगा. मी जीव मुठीत धरून बसले. मला वाटलं, आता बोलतील. सगळ्यांना खटकेल असं काहीतरी बोलतील.

बाबा म्हणाले, "सगळ्यांना वाटतं तेच मला वाटतं." आणि टाळ्यांत खाली बसले.

घरी आल्यावर मी भांडले. भांडी आपटली. ओरडले, "बाबा, काहीतरी बोला हो! चुकीचं बोला, वेडंवाकडं बोला, पण तुमचं बोला!"

ते ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे, वर्गातलं एखादं गुणी पोर गुर्जींकडे पाहतं तसं.

"काय बोलायचं ते तू सांग," ते म्हणाले. "मी म्हणतो."