बावखलांच्या फेरीतला सातवा थांबा

बावखलांच्या, म्हणजे वसईच्या वाड्यांतल्या पाण्याच्या उघड्या खड्ड्यांच्या, फेरीत सात थांबे होते. त्यातले चार बुजले, तेव्हा जयरामकाकांनी मला फोन केला. रुडॉल्फच्या दुकानावर ये म्हणाले. येताना फेरीचा कागद घेऊन ये.

ही गोष्ट २००२ च्या मार्चमधली. तोवर मी त्यांना पाच वर्षं ओळखत होतो.

जयरामकाका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. गाव खाडीकाठचं, घरी भातशेती. एकतीस वर्षं ते खांद्याला शिडी अडकवून सायकलवर वसई फिरले. निर्मळपासून चांदीपपर्यंत कुठला खांब कुणाच्या वाडीत आहे, ते त्यांना पाठ होतं. शहाण्णव साली निवृत्त झाले. बायको आधीच वारली होती, मूल नव्हतं. घरात बसवेना म्हणून ते सकाळी किल्ल्यात जाऊन बसत.

तिथे त्यांना एक जोडपं भेटलं. मुंबईहून किल्ला बघायला आलं होतं आणि वाटाड्या शोधत होतं. काकांनी त्यांना वहीचं पान फाडून दिलं. त्यावर कुठून निघायचं, कुठे वळायचं, काय बघायचं, एवढंच. जोडपं तीन तासांनी परत आलं ते हसत. आमचं आम्हीच पाहिलं, म्हणाले.

त्यातून फेऱ्या सुरू झाल्या. एक विषय, एक कागद, एक सकाळ. किल्ल्यातल्या कोरीव थडग्यांची फेरी. रस्त्याकडेच्या क्रुसांची फेरी. जुन्या पाव-भट्ट्यांची फेरी. अंतर काका खांबात सांगायचे. ‘तीन खांब सरळ, मग उजवीकडे.’ पाठपोट छापलेला कागद, त्याला तीन घड्या. रुडॉल्फच्या झेरॉक्सच्या दुकानात बिस्किटांच्या डब्यात ते कागद ठेवलेले असत. ज्याला हवा त्याने घ्यायचा आणि आपलं आपण फिरायचं.

आम्ही साताऱ्याहून वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहायला आलो होतो. मी मराठी घेऊन एम. ए. करत होतो. नोट्स झेरॉक्स करायला गेलो असताना डब्यातला कागद वाचला आणि एक वाक्य चुकलंय असं बोलून गेलो. रुडॉल्फने आतल्या बाजूला हाक मारली. “जयराम, बाहेर ये. तुला मास्तर मिळाला.”

तेव्हापासून कागदांची भाषा माझ्याकडे आली.

बावखल मी पहिल्यांदा काकांबरोबर पाहिलं. वाडीतला मोठा उघडा खड्डा, विहिरीसारखा बांधलेला नाही. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि जमिनीत मुरत राहतं. भोवती भेंडी, करंज, आंबा अशी झाडं. वाडीतली केळी, फुलं, भाजी त्याच पाण्यावर जगतात. काकांना किल्ल्यापेक्षा बावखलांचं वेड जास्त होतं. किल्ला कोन उचलून नेनार नाय, म्हणायचे.

पण बावखल कुणाच्या तरी वाडीत असतं. आणि इथली रीत अशी, की कुणाच्याही वाडीत शिरताना कुंपणाबाहेर थांबून हाक मारायची. न सांगता शिरणाऱ्याला माणसं पाणीही विचारत नाहीत. म्हणून काकांनी प्रत्येक थांब्याखाली लिहिलं, की हाक कुणाला मारायची. त्यांची सवयही तशीच. लाइन दुरुस्त करायला गेल्यावर घर बंद निघालं, तर दिवस फुकट जातो. लाइनमनच्या वहीत सगळं लिहिलेलं असतं. घर कधी उघडं असतं, किल्ली कुणाकडे असते, कुत्रं चावतं का.

त्या वहीवरून मी वाक्यं केली. पहिला थांबा: ‘मार्सेल आखातात असतात. घर बंद असतं. शेजारी सांगून आत जावे.’ दुसरा: ‘दोघा भावांत बोलणं नाही, कुणीच येत नाही. हाक मारू नये.’ तिसरा: ‘चार भावांचं घर, सोळा माणसं. दोन कुत्री.’ चौथा: ‘कार्मिनबाईंना दिसत नाही. आपलं नाव सांगून बोलावे.’ पाचवा: ‘घर फक्त मे महिन्यात उघडतं.’ सहावा शाळेला लागून होता, तिथे दिवसभर वर्दळ.

सातवा थांबा काकांच्या मोठ्या बहिणीचा. वहीत काकांनी लिहिलं होतं, ‘जिजा. एकटी. ऐकू कमी.’ मी त्याचं असं केलं: ‘इथे जिजाबाय एकट्याच राहतात. त्यांना कमी ऐकू येतं. कुंपणापाशी उभे राहून मोठ्याने हाक मारावी. मुलगा रविवारी येतो.’

काकांना ते फार आवडलं. दोनदा वाचून घेतलं.

तर मार्चमधली ती दुपार. काकांनी कागद काउंटरवर पसरला. पहिलं बावखल दोन वर्षांपूर्वी बुजलं होतं. डंपर आले, इमारतीचा राडारोडा टाकून गेले. लोकांना वाटलं, मार्सेलने विकलं. सुट्टीवर आला तेव्हा तो सपाट जमिनीकडे बघत उभा राहिला. त्याच्या सहीचे कागद कुणाकडे तरी होते. ती सही त्याची नव्हती. मग दुसरं बुजलं. मग कार्मिनबाईंचं. त्यांना डंपरचा आवाज आला. रस्त्याचं काम आहे, असं त्यांना सांगितलं गेलं. आणि आठवड्यापूर्वी पाचवं.

रुडॉल्फ म्हणाला, वसईत रोज एक बुजतंय. डंपर एका टोकाने येणार, मग ओळीनेच बुजणार. त्यात कागदाचा काय संबंध.

“वळीनं नाय,” काका म्हणाले. “तिसरा सोडला.”

आम्ही तिघंही कागदाकडे बघत राहिलो. तिसऱ्याखाली सोळा माणसं होती. सहाव्याला शाळा. बाकी सगळीकडे मीच लिहिलं होतं, की कुणी नाही. सातव्याखालीसुद्धा.

मग रुडॉल्फला आठवलं. नव्याण्णवच्या दिवाळीच्या सुमारास एक माणूस आला होता. शर्ट इस्त्रीचा, बोलणं नीट. सगळ्या फेऱ्या चाळल्या आणि याच एका कागदाच्या वीस प्रती काढून घेतल्या. रुडॉल्फला वाटलं, शाळेची सहल असेल.

त्या दिवसापासून आम्ही कागद गोळा करू लागलो. डबा रिकामा केला. स्टेशनजवळच्या स्टेशनरीवाल्याकडून उरलेले आणले. एका चित्रकलेच्या शिक्षकाने वर्गात वाटले होते, त्यांनी निम्मे परत मिळवून दिले. पण झेरॉक्सचं झेरॉक्स कुठे शोधणार. काकांनी नवा कागद करायला सांगितला. बुजलेले धरून फक्त सहा थांबे, सातवा गाळलेला, खाली कुणाचं काही नाही. आम्ही तो केला. काका तो हातात धरून म्हणाले, असा कागद घेऊन आलेला मानूस कुंपनाबाहेर उभा राहून करनार काय?

एप्रिलमध्ये मी काकांबरोबर जिजाबायकडे गेलो. निर्मळच्या पुढे, केळीची वाडी, मागे बावखल. पाणी खाली गेलं होतं. काठावर एक नवा बांबू पडला होता. त्यावर लाल रंगाच्या खुणा होत्या, हातहात अंतरावर. तळाकडचा भाग चिखलाने माखलेला.

काकांनी बांबू कुणाचा म्हणून विचारलं. मोठ्याने, दोनदा.

“परवा दोघं आलेले,” जिजाबाय म्हणाली. “चांगली मानसं. बाहेर थांबून मोठ्यानं हाक मारली. चपला काढून वटीवर बसली. आताशा कोन काढतो चपला?”

त्यांनी पाणी घेतलं होतं. धनेशची चौकशी केली होती. धनेश म्हणजे तिचा मुलगा, बायको रोशनीबरोबर एव्हरशाईन सिटीत आमच्या मागच्या इमारतीत राहायचा. तो रविवारीच येतो ना, असं त्यांनी विचारलं. तिने हो म्हटलं. त्यांच्या हातात कागद होता. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला, नीट.

काकांनी बांबू उचलून गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला. मोडला नाही. मग तो केळीला टेकू म्हणून लावला.

धनेशला आम्ही सगळं सांगितलं. तो आईला म्हणाला, चल फ्लॅटवर. ती म्हणाली, झाडांना पाणी कोन घालील, तुझी लिफ्ट? पोलिसांत जायचं ठरलं. पण सांगायचं काय? दोन माणसं आली, चपला काढून बसली, पाणी प्यायली.

मे लागताच काका तिथे राहायला गेले. एक घडीची खाट, रेडिओ, दोन लुंग्या. मी हसून म्हटलं, माहेर उलटं चाललंय. ते हसले नाहीत. नवा कागद करायचाय, म्हणाले. सात थांब्यांचा. त्या लोकांच्या हातातल्या कागदावर बाय एकटी आहे. ते खोडायचं तर दुसरा कागद त्यांच्या हातात पडला पाहिजे.

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. ‘सातवा थांबा. इथे जिजाबाय आणि त्यांचे भाऊ जयराम राहतात. जयराम चोवीस तास घरी असतात.’ मी पेन ठेवलं.

अजून आहे, ते म्हणाले. सकाळी सहा ते सात पाण्याचं इंजिन चालू असतं. तेव्हा मी बावखलावर असतो आणि हाक ऐकू येत नाही. तेवढं घाल.

हे कशाला, मी म्हटलं. सगळ्या कागदांवरून नेमकं हेच तर काढायचं होतं.

“कोन खरा पावना आला, तर कुंपनावर ताटकळंल. दोघंही बहिरी वाटतील त्याला.”

मी म्हटलं, काका, खरा पाहुणा सकाळी सहाला येत नाही.

ते म्हणाले, आताच चोवीस तास घरी असतो लिहिलंस. त्यातला एक तास मी नसतो. कागदावर खोटं नको.

मी पेन परत उचललं. मग लिहिलं. वाक्य चांगलं झालं होतं. ‘सकाळी सहा ते सात जयराम बावखलावर इंजिनापाशी असतात. तेव्हा हाक ऐकू येत नाही, त्यामुळे सात वाजेपर्यंत थांबावे.’

त्यांनी तो कागद स्वतः वाटला. रुडॉल्फच्या डब्यात ठेवला, रिक्षा स्टँडवर दिला, जमिनीची कामं करणाऱ्यांच्या ऑफिसांच्या दारातून आत सरकवला. रुडॉल्फने टोमणा मारला, निवडणुकीला उभा राहतोस का रे. काका म्हणाले, हो, चिन्ह बावखल.

हा कागद वाटून नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी धनेशने मला सकाळी आठला उठवलं.

जिजाबायला इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही. पण फुलांच्या वाफ्याकडे येणारं पाणी थांबलेलं तिला दिसलं. म्हणून ती मागे गेली. काका बावखलात पालथे पडले होते. इंजिन चालू होतं. पाइपाचं तोंड पाण्याबाहेर निघालं होतं आणि ते नुसती हवा ओढत होतं.

कागदोपत्री पाय घसरून पडल्याची नोंद झाली. शेवाळ होतं, हे खरं. वय चौसष्ट, हेही खरं. कपाळावर एक जखम होती, ती दगडाची असू शकते, असं सांगितलं गेलं. असू शकते. सगळे गेल्यावर मी पँट दुमडून खाली उतरलो. पाणी पोटरीपर्यंत होतं. मी तिथे उभा राहिलो. चिखलात बऱ्याच जणांच्या पावलांच्या खुणा होत्या. काकांना बाहेर काढायला उतरलेल्यांच्याच असतील. आणखी कुणाच्या असतील, तर त्या आता वेगळ्या काढता येणार नव्हत्या.

कुंपणापाशी काही सापडलं नाही. कुणी हाक मारल्याचं कुणी ऐकलं नाही.

बाराव्या-तेराव्यानंतर धनेश आईला घेऊन गेला. चार दिवसांसाठी, म्हणाला. या वेळी ती नको म्हणाली नाही. कपड्यांची एक पिशवी आणि अबोलीची रोपं असलेला डबा एवढंच तिने घेतलं. वाडीच्या घराला कुलूप लागलं. मी ते लावताना पाहिलं आणि डोक्यात आपोआप वाक्य तयार झालं, की घर बंद असतं.

सहा दिवसांनी धनेश स्कूटरवरून तिकडे जाऊन आला. आधी आमच्याकडे आला. दारातच उभा राहिला. सपाट केलंय, म्हणाला. आंबापण गेला. त्याने तक्रार दिली. तिचा नंबर कागदावर लिहून घेतला. रोशनीने त्याला सांगितलं, आईंना इतक्यात सांगायला नको.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. चौथा मजला. जिजाबाय गॅलरीत बसली होती. रोपांचा डबा ग्रिलवर ठेवला होता. खाली डांबरावर मुलं सायकली फिरवत होती. तिने मला बसायला सांगितलं. जयरामची वही तुझ्याकडे आहे ना, विचारलं. मी मान हलवली. ती सांभाळ, म्हणाली.

मग म्हणाली, “धनेश आज वाडीवर गेलेला. मला काय सांगत नाय. पानी हाय ना रे अजून?”

धनेश दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी तिच्या कानाशी वाकलो आणि मोठ्याने सांगितलं, की आहे.

ती म्हणाली, मग रविवारी जाऊ.