आधी जेवण, मग सही

किडेवाले सर उपाशीपोटी सही करत नसत. सूसमधल्या माझ्या वरच्या खोलीचा भाडेकरार मी भर दुपारी त्यांच्यापुढे ठेवला, तर म्हणाले, "शेठ, जेवून येतो." आले, आणि पेन उघडायच्या आधी भाडं कमी करून घेतलं. जमिनींच्या सौद्यांत माझे केस पांढरे झालेत. मला खाली आणणारा हा पहिलाच.

ते प्रयोगशाळेत मातीतल्या किड्यांवर काम करायचे. किडा कसला, डोळ्याला दिसेल न दिसेल असा पांढरा धागा. "त्यांचं करता तरी काय?" मी एकदा विचारलं. "उपाशी ठेवतो," म्हणाले, आणि बशीत बोटाने चहाची रेघ ओढली. "ही रेघ कडू औषधाची. पलीकडे खाण्याचा वास. पोट भरलेला किडा रेघेपासून माघारी फिरतो. उपाशी असला की ओलांडतो. पोट रिकामं असल्याचा निरोप पोचला, की कडू कळवणाऱ्या मज्जापेशींचा आवाज बारीक होतो."

मी कुणावर ओरडत असलो की जिन्यातून विचारायचे, "शेठ, जेवलात का?" जेवलेलो नसायचो.

ती चहाची रेघ मी धंद्याला लावली. बोलणी अकराला सुरू करायची, तीनपर्यंत लांबवायची, चहाशिवाय काही मागवायचं नाही. मीही उपाशीच बसायचो. उपाशी राहूनच वर आलेला माणूस मी, मला त्याचं काही वाटत नसे.

भूगावच्या एका तुकड्यासाठी नाना म्हणून एक म्हातारे शेतकरी खालच्या ऑफिसात आले होते. रस्त्याकडची बाजू मला, मागचा उतार त्यांना, असा कागद होता. तीन वाजता थकून म्हणाले, "आना तो कागुद, करतो सही." तेवढ्यात सर पाण्याच्या मोटारीची तक्रार घेऊन खाली आले. त्यांनी नानांचा चेहरा पाहिला, माझा पाहिला, आणि वरून स्वतःचा डबा आणून नानांपुढे उघडला. "आजोबा, आधी दोन घास खा."

नाना पोळ्या आणि मटकीची उसळ सावकाश जेवले, पाणी प्यायले, कागद पुन्हा वाचून घेतला. मग उठले. "न्हाई जमायचं, शेठ. रस्ता तुमाला दिल्यावर आमी आमच्या रानात काय उडत जायाचं?"

नाना गेल्यावर मी सरांना आजच खोली सोडा म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. सर म्हणाले, "मी तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं होतं. तुम्ही ते माणसांवर चालवलंत." दाराशी थांबले. "तुम्हीही सकाळपासून उपाशी आहात. आधी जेवा. जेवल्यावरही हेच म्हणणं असेल, तर जातो."

भूगावच्या त्या जागेवर आज दुसऱ्याची इमारत आहे. ती दिसली की मला अजून सरांचा राग येतो. त्या डब्याने माझा सौदा घालवला, हे मी आजही म्हणतो.

पण त्या दुपारी मी जेवलो. बायकोने पिठलं-भाकरी वाढली. शेवटच्या घासापर्यंत राग उतरला होता. वर सरांच्या पावलांचा आवाज येत होता. ते सामान आवरत नव्हते, नुसते फेऱ्या मारत होते. मध्ये अकरा पायऱ्या. संध्याकाळी खोकी सरकवल्याचे आवाज सुरू झाले, तरी मी उठलो नाही.

उपाशीपोटी बोललो, असं म्हणायची सोय सरांनी माझ्यासाठी ठेवली होती. मी भरल्या पोटी गप्प बसलो.